पाठीवरचे डोळे

टी-शर्टावरचा प्रिंट का निघतो, याची कारणं मला झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. नव्या कापडातली खळ काढलेली नसते. कापड दमट असतं. प्रेसची प्लेट तापल्यासारखी दिसते, पण कडेला गारच असते. फिल्म घाईघाईनं सोललेली असते. आणि हे सगळं बरोबर केलं, तरी गिऱ्हाईक घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी तो दगडावर आपटतं, ब्रशनं खसाखसा घासतं, प्रिंटवरूनच इस्त्री फिरवतं आणि मग दुकानात येऊन माझ्या नावानं शंख करतं. नारायणगावात एसटी स्टँडपासून थोडं आत माझं दुकान आहे. एक खोली, एक हीट प्रेस, एक प्रिंटर आणि मागे कोऱ्या टी-शर्टांचे गठ्ठे. गणपती मंडळं, क्रिकेटचे संघ, वाढदिवस, निवडणुका आणि बैलगाडा शर्यती यांच्यावर माझं घर चालतं.

सुरुवातीला मी वाईट काम करायचो. हे कबूल करायला आता लाज वाटत नाही, कारण त्याहून मोठी लाज नंतर वाट्याला आली. एका बैलगाडा मालकानं माझ्याकडून टी-शर्ट करून घेतले होते, पाठीवर त्याच्या लाडक्या जोडीचा फोटो. शर्यतीच्या दिवशी झकास दिसले. दोन धुण्यांत बैलांचे पाय गेले. पोटापासून वरचं सगळं शाबूत आणि खाली नुसता पांढरा भुगा. मालक दुकानात आला, खुर्चीत बसला, मी मागवलेला चहा प्याला आणि अगदी थंडपणे म्हणाला, "भाऊ, आमची बैलं बसली की. आता उटवा त्यांना."

पुढं वर्षभर स्टँडवर कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच, बैल उठले का. मी मुळात तापट माणूस. दोघांशी भांडलो, एकाशी बोलणं सोडलं, आणि मग कानाला खडा लावून काम शिकायला बसलो. पॉलिस्टरचं कापड शाई मुकाट्यानं पिऊन घेतं. सुती कापड तसं नाही. त्याला फिल्म लागते, फिल्मवर चिकट पावडर लागते, आणि ती पावडर वितळून धाग्यात शिरली पाहिजे, नुसती वर बसून चालत नाही. मी कोरे टी-शर्ट आधी धुऊन घ्यायला लागलो. छापण्याआधी नुसतेच प्रेसमध्ये दाबून त्यांचा ओलावा काढायला लागलो. एकशे साठ अंश, पंधरा सेकंद, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग फिल्म सोलायची, वर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबायचं. शेतीपंपांची लाईट आली की दुकानातला व्होल्टेज पडतो आणि प्लेट खोटं बोलायला लागते, हेही मला तेव्हाच कळलं. त्या वेळात मी प्रेस बंद ठेवतो, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

हे सगळं मी नाव राखण्यासाठी शिकलो. कुणाचा जीव त्यावर अवलंबून असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं.

माझी थोरली बहीण निमगाव सावाला दिलेली आहे. दाजी चाकणला कंपनीत शिफ्टनं जातात, त्यामुळं रानातलं सगळं ताईच्या अंगावर. थोडा कांदा, थोडा ऊस आणि एका गाईपुरता घास. घासाचे वाफे उसाला लागूनच आहेत. रोज दुपार कलली की ताई विळा घेऊन तिथं बसते आणि घास कापते. उन्हाचा त्रास नको म्हणून उसाच्या सावलीत बसते, म्हणजे तोंड वाफ्याकडं आणि पाठ उसाकडं. लग्न होऊन गेल्यापासून ती तशीच बसत आली आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी वस्तीवरची कुत्री कमी व्हायला लागली. आधी शेजाऱ्याचं गेलं, मग शाळेच्या कोपऱ्यावर पडून असायचं ते गेलं. ताईच्या दारातली कुत्री तेवढी उरली आणि ती दिवसाही ओट्याखालून बाहेर येईना. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो जवळपास असला की तेही म्हणत नाहीत. ताई फोनवर नुसतं "त्यो" म्हणायची. "त्यो काल कांद्यातनं गेला. पाणी दिलेलं व्हतं, तर पाय उटल्यात." मी विचारायचो, किती मोठे? ती म्हणायची, "तुज्या चहाच्या बशीयेवढं."

मग पलीकडच्या वस्तीवर एका बाईवर हल्ला झाला. ती खुरपत होती. वाचली, पण महिनाभर दवाखान्यात होती. वन खात्याचा एक माणूस गावात येऊन सगळ्यांना समजावून गेला. मी त्या दिवशी ताईकडंच होतो. तो म्हणाला, उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. खाली बसलेला, वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, शेळीमेंढीयेवढं जनावर वाटतं. आणि येतो तो मागून येतो. समोरून तोंड दिसत असलं तर दहादा विचार करतो. लोक माना डोलवत होते. मी ताईकडं बघितलं. ती घासाच्या वाफ्याकडं बघत होती.

त्या दिवसापासून मला ताईच्या पाठीची भीती वाटायला लागली. दुसऱ्या कशाची नाही, फक्त पाठीची. दुकानात एखाद्या मंडळाचा टी-शर्ट पालथा घालून त्यावर फिल्म ठेवली की मला ती पाठ दिसायची, उसाच्या पुढ्यात वाकलेली. तिला मी सांगून बघितलं की घास विकत घे, गाय विकून टाक. ती हसली. म्हणाली, "मग आमी खायाचं काय, तुजी टी-शर्टं?"

कुठंतरी जंगलाकाठचे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधून फिरतात, असं मी मोबाईलवर पाहिलं होतं. जनावराला वाटतं हा आपल्याकडंच बघतोय. पण आमच्या बायका उन्हात मुखवटा बांधून घास कापतील हे शक्य नव्हतं. मात्र त्या रानात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. काटे, घाम, उसाचं पाचट, सगळ्यासाठी तो शर्ट. मला वाटलं, शर्टाच्या जागी टी-शर्ट, आणि त्याच्या पाठीवर दोन डोळे. हे माझ्या हातातलं होतं.

पहिला मी घाईत केला. इंटरनेटवरून डोळे उतरवले, छापायचा जुना कागद पडला होता तोच वापरला. तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "भाऊ, तुजा राखनदार काना झाला रं." एक डोळा सगळा सोलून गेला होता, दुसऱ्याला तडे गेले होते. तिला गंमत वाटत होती. मला नाही वाटली. ज्या दिवशी डोळा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या वाफ्यात पुन्हा पायांचे ठसे दिसले होते आणि ते उसातून निघून वाफ्यापर्यंत येऊन परत गेले होते. मी ते जाऊन पाहिले. ती बसते तिथून पाच-सहा पावलांवर तो उभा राहिला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

मग मी इरेला पेटलो. असा प्रिंट करायचा की कापड फाटेल पण डोळा जाणार नाही. आधी डोळे बदलायचं ठरवलं. इंटरनेटवरचे डोळे एखाद्या नटीचे वाटायचे, काजळ घातलेले. मला असे पाहिजे होते की मागून येणाऱ्याचा पाय जागेवर थांबावा. असे डोळे मी आयुष्यात एकदाच पाहिले होते. ते आमच्या वडिलांचे.

आबांनी आम्हा भावंडांना कधी मारलं नाही. नुसतं बघायचे. तेवढ्यानं आमचं पाणी पाणी व्हायचं. घोडेगावच्या पुढं डोंगराकडं आमचं गाव आहे, तिथं आई एकटी राहते आणि भिंतीवर आबांचा मोठा केलेला फोटो आहे, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. मी एसटीनं घोडेगावला गेलो, तिथून पुढची गाडी धरली, आणि आईला म्हणालो की फोटो दोन दिवस नेतो. कशाला ते सांगितलं. आईनं फोटो खाली काढला. मग फोटोवरचा हार काढून ठेवत म्हणाली, "जिता असताना कधी लेकीच्या रानात गेलं नाय. आता त्यास्नी कुटं वाघाम्होरं उभं करतो?"

मला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण मी फोटो घेऊन आलो. स्कॅन केला, बाकीचा चेहरा काढून टाकला आणि भुवयांसकट नुसते डोळे मोठे केले, इतके की दोन्ही मिळून पाठ भरावी. पडद्यावर ते उघडले तेव्हा माझी बायको चहा घेऊन दुकानात आली होती. तिनं कप तिथंच ठेवला आणि म्हणाली, "झाका ते. मला नाही बघवत." मी खूश झालो. माणसाला बघवत नाही तर जनावराला काय बघवेल, असा माझा हिशेब.

टी-शर्ट पूर्ण सुती घेतला, जाड, फिकट पिवळा, दाजींच्या मापाचा. दोनदा धुतला. तसल्याच कापडाचे तुकडे कापून त्यांच्यावर सात वेळा प्रयोग केले. एक तुकडा बायकोनं रोज धुतला, एक मी गच्चीवर उन्हात टांगून ठेवला, एक पाण्यात भिजत घातला. सातव्याला एक तडा नाही. नखानं खरवडून बघितलं, ओढून बघितलं. मग खरा टी-शर्ट प्रेसमध्ये घातला. इतक्या काळजीनं मी माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापली नव्हती. गार झाल्यावर फिल्म सोलली तर आबा माझ्याकडं बघत होते. मी दुकानात एकटाच होतो आणि क्षणभर मला वाटलं की ते विचारताहेत, हे काय चालवलंयस.

ताईला टी-शर्ट द्यायला मी स्वतः गेलो. तिनं तो उलगडला आणि खाली बसली. आपल्या डोळ्यांना पदर लावला. मग हळूच हात फिरवला, आबांच्या भुवयांवरून. मी मात्र माझ्याच तोऱ्यात होतो. मी तिला गिऱ्हाईकासारखं बसवून सगळं सांगितलं. एक दिवस धुवायचा नाही. धुताना उलटा करायचा. गरम पाणी नाही, ब्रश नाही, दगडावर आपटायचा नाही. वाळत घालताना उलटा घालायचा, प्रिंटवर ऊन नको. इस्त्रीचा प्रश्नच नाही. सगळं सांगून झाल्यावर निघताना मी म्हणालो, "याला जप हं."

आमच्याकडं कुणीही निघालं की दुसरा म्हणतो, जपून जा, जपून राहा. मीही दर वेळी ताईला तेच म्हणायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मी टी-शर्टाला जप म्हणालो. तिनं मान हलवली. म्हणाली, "जपते."

त्यानंतर मी तिला दर दोन दिवसांनी फोन करायचो. आता स्वतःचा राग येतो तो या फोनांमुळं. तिला मी विचारायचो, प्रिंट कसा आहे? ती म्हणायची, "नव्यासारका हाय." पंधरा दिवसांनी, महिन्यानं, दोन महिन्यांनी, उत्तर एकच. मी फुशारून जायचो. कुत्री ओट्याखालून बाहेर आली का, ठसे दिसले का, हे मी कधी विचारायचो, कधी राहून जायचं. प्रिंटचं मात्र एकदाही राहिलं नाही.

ताईचं ऐकून आणखी काही लोकांनी तसे टी-शर्ट मागितले. त्यांच्यासाठी मी दुसरे डोळे घेतले, आबा फक्त ताईचे. एक मेंढपाळ होता, त्याचा मेंढरांचा वाडा त्या वेळी त्याच शिवारात कुणाच्या तरी रानात बसला होता. त्यानं दोन नेले, एक स्वतःला, एक बायकोला. दोन महिन्यांनी तो काही कामानं नारायणगावात आला आणि दुकानात डोकावला. अंगात तोच टी-शर्ट. कापडाचा रंग ओळखू येत नव्हता आणि डोळ्यांच्या कडा भेगाळल्या होत्या. मी चिडलो. म्हणालो, "पावणं, धुता कसा तुम्ही हा?"

"धुतो कुटं राव? अंगावरच असतोय."

मी त्याला उभ्या उभ्या भाषण दिलं. सांगितलं, माझ्या बहिणीकडं बघा, तुमच्याही आधी दिला होता, रोज रानात घालते, आजही नव्यासारखा आहे. मेंढपाळानं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "रानात घालून नव्यावानी? लई भारी हाय मग." मला वाटलं तो माझ्या कामाचं कौतुक करतोय.

माझ्यासारख्या माणसानं तेव्हा थांबून विचार करायला हवा होता. रोज उन्हात, घामात, मातीत घातलेला कुठलाही प्रिंट दोन महिन्यांनी नव्यासारखा राहत नाही. कितीही चांगला केला तरी तो मऊ पडतो, चमक जाते, घडीच्या जागी बारीक रेषा उमटतात. हे मी गिऱ्हाईकांना रोज सांगतो. या तालुक्यात हे माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. आणि मीच ऐकून खूश होत राहिलो.

ऊसतोड सुरू झाली. आजूबाजूचे फड एकेक करून मोकळे होत गेले आणि ताईचा ऊस तेवढा उभा राहिला, कारण कारखान्याची तिची पाळी आली नव्हती. ऊस तुटला की त्यातलं जनावर उरलेल्या उसात जातं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. दाजींनी तिला सांगितलं होतं की आठ दिवस घासाला जाऊ नकोस. ती म्हणाली होती, माज्या पाठीवर आबा हायेत.

फोन दाजींचा आला. दुपार कललेली होती, मी एका शाळेचे टी-शर्ट काढत होतो. दाजी एवढंच म्हणाले, "तुज्या ताईला धरलंय. दवाखान्यात न्हेतोय." मी दाबलेली प्रेस तशीच टाकून निघालो. आत एक टी-शर्ट तसाच राहिला तो करपून गेला.

झालं ते शेजारच्या बाईनं सांगितलं. ती बांधापलीकडं कांद्यात होती. तिनं आवाज ऐकला नाही, काहीच ऐकलं नाही. सहज मान वर केली तर ताई पालथी पडलेली आणि तिच्या खांद्यावर तो. बाईनं हातातली पाण्याची कळशी फेकली आणि ओरडत धावत सुटली, उलटी पळाली नाही, त्याच्याच अंगावर धावली. तो ताईला सोडून उसात गेला. त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं आणि मी धरलेही. तिला अवघडल्यासारखं झालं.

दवाखान्यात ताई शुद्धीत होती. मानेला आणि उजव्या खांद्याला टाके पडले होते, इंजेक्शनं चालू होती. डॉक्टर म्हणाले, दात दोन बोटं इकडं लागले असते तर काही करता आलं नसतं. बाहेर बाकड्यावर दाजी बसले होते. त्यांच्या पायाशी प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात ताईच्या अंगावरचे कपडे. डॉक्टरांनी ते कात्रीनं कापून काढले होते.

मी पिशवीतून टी-शर्ट काढला. मला आधी काही समजेना. पाठ कोरी होती. रक्त, माती, खांद्यापाशी दातांची भोकं, आणि मधे नुसतं कोरं पिवळं कापड. मला वाटलं प्रिंट निघाला. सगळाच्या सगळा निघाला, काही मागमूस न ठेवता, आणि पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल तर असा कसा निघाला. मग शिवण दिसली. शिवण बाहेरच्या बाजूला होती. मी तो टी-शर्ट हळूहळू उलटा केला.

आतून आबा बघत होते. एक तडा नव्हता. घडीची रेषसुद्धा नव्हती. दुकानात फिल्म सोलली तेव्हा होते तसेच.

मी आत गेलो. ताईनं माझ्या हातातला टी-शर्ट बघितला. तिला मान हलवता येत नव्हती. छताकडं बघतच म्हणाली, "उलटा घालायची मी. मातीत बसायचं, घामानं भिजायचं, त्यात आबांचं डोळं कसं घालायचं? तूच म्हनला व्हतास की, जप म्हनून." मग तिनंच विचारलं, "छापाला काय झालं न्हाई ना?"

मी म्हणालो, नाही झालं. आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर काढला असता, पण तिनं काय चूक केली? आमच्या घरात नवं भांडं माळ्यावर जातं आणि पोचे आलेलं वापरात राहतं. आईनं लग्नातली साडी चार वेळा नेसली असेल. जे मोलाचं ते झाकून ठेवायचं, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं आहे, आणि वर मी शहाणा तिला सांगून आलो होतो की ऊन लागू देऊ नकोस.

टी-शर्ट सरळ घातला असता तर तो आला नसता, असं मी म्हणत नाही. वन खात्याच्या त्या माणसाला मी नंतर गाठून विचारलं. तो म्हणाला, "सांगता नाय येत, भाऊ. कुनालाच नाय सांगता येत." त्यानं मला खोटं तरी सांगायला हवं होतं. आला असता किंवा नसता, काहीतरी एक ठाम. आता मला ते कधीच कळणार नाही आणि रोज प्रेसचं झाकण दाबताना मी त्याचाच विचार करतो.

ताई दीड महिन्यानं घरी आली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याच्या आधीच मी दुसरा टी-शर्ट करून दाजींकडं दिला होता, तेच डोळे, तसंच कापड. या वेळी कसा धुवायचा ते सांगितलं नाही. नुसतं सांगितलं, सरळ घालायचा.

गेल्या आठवड्यात मी न कळवता निमगावला गेलो. ताई घरात नव्हती. कुत्री ओट्याखाली होती. मी रानात गेलो तर ताई घासाच्या वाफ्यात, डाव्या हातानं कापत बसलेली. ऊस अजून उभाच, यंदा तो तुटतच नव्हता. तिच्या अंगात दाजींचा जुना चौकड्यांचा शर्ट होता.

"टी-शर्ट कुठंय?"

"हाय की घरात. पेटीत." माझं तोंड बघून तिनं विळा खाली ठेवला. "आरं, कोरा हाय आजून. धाकट्या जावंच्या वटीभरनाला घालीन म्हनलं एकदा, समद्यांनी बगावा. मग काढते रानात."

मी तसाच वळलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो. घरी गेलो, पेटी उघडली, टी-शर्ट काढला. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. तो घेऊन मी पाटावर गेलो, जिथं बायका धुणं धुतात. आधी मातीत लोळवला, पायानं तुडवला. मग पाण्यात बुचकळून दगडावर आपटायला लागलो. आपटत गेलो, आपटत गेलो. तिथं कुणाचा तरी ब्रश पडला होता तो घेतला आणि आबांच्या डोळ्यांवरून जोर लावून फिरवला. निघावा म्हणून नाही. जुना व्हावा म्हणून. तिला तो जपावासा वाटू नये म्हणून. माझे हात सोलपटले. डोळ्यांना काही होत नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या हातच्या चांगल्या कामाला मी शिव्या दिल्या.

ताई मागून येऊन उभी राहिली होती. किती वेळ ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "येडा झालास व्हय रं? आबा हायेत ते."

"जुना झाला बघ," मी म्हणालो. "आता घाल."

कापडाला मातीचे डाग राहिले होते आणि एका भुवईची कड कशीबशी उचकटली होती. ताईनं ती कड बोटानं दाबून बसवायचा प्रयत्न केला. बसेना. मग तिनं तो पिळला, तसाच ओला शर्टावरून चढवला, सरळ, आणि घास अर्धा राहिला होता म्हणून परत वाफ्याकडं गेली. मी तिच्या मागं गेलो आणि बांधावर उसाकडं तोंड करून बसलो. तिचा भारा पुरा होईपर्यंत मी तिथून हललो नाही. तिनं दोनदा सांगितलं की जा, उशीर होईल, उद्या तुझं दुकान आहे.